देशप्रीती सक्तीने शिकविता येते काय?

हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. संविधानातील कलमे मुलांकडून पाठ करवून घेणे सोपे आहे. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली व त्यांतील पहिल्याच कर्तव्यात राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर सांगितला आहे. विद्यार्थी ते वाक्य परीक्षेत बिनचूक लिहितो. परंतु आदर म्हणजे नेमके काय, असे त्याने विचारले म्हणजे गुरुजींची अडचण होते.

केरळातील कोट्टायम जिल्ह्यात घडलेली गोष्ट येथे विचारात घेण्याजोगी आहे. तेथील एका हायस्कुलात 'यहोवाचे साक्षीदार' या पंथातील तीन भावंडे शिकत होती. राष्ट्रगीत चालू असता ती अदबीने उभी राहत, मात्र गात नसत. गाणे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे असे ती मानीत. हे प्रकरण विधानसभेत निघाले. चौकशी झाली, तीत मुलांकडून कोणताही अनादर घडलेला नाही असे दिसून आले. तथापि जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. अखेर ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस परत घेण्याचा हुकूम दिला. राष्ट्रगीत गाइलेच पाहिजे असा कायदा नाही, स्तब्ध उभे राहणे हाही आदरच होय, व भाषणस्वातंत्र्यात मौनाचे स्वातंत्र्यही येते, असा त्या निकालाचा आशय आहे.

आता, त्या पंथाची मते आम्हांस मान्य नाहीत. राष्ट्रगीत गाण्यात मूर्तिपूजा आहे असे आम्हांस वाटत नाही. आम्ही ते आनंदाने गातो. मग त्या मुलांची बाजू आम्ही का घ्यावी? कारण ज्याची समजूत आम्हांस पटते त्याच्याच सदसद्विवेकबुद्धीचा मान राखावयाचा, तर तो मान आम्ही केवळ स्वतःलाच देत आहो असे होईल. कित्येक म्हणतील की, अशाने जो तो विवेकाचे नाव पुढे करील व शिस्त उरणार नाही. ही शंका पोकळ नव्हे. परंतु संविधानाच्या पंचविसाव्या कलमानेच धर्मस्वातंत्र्यास सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा घातली आहे. त्या मुलांनी कोणाच्या गाण्यात अडथळा आणला होता? त्यांना घालवून दिल्याने वर्गातील इतरांस एवढाच धडा मिळाला की, ओठ हालवले म्हणजे पुरे.

खेड्यातील आमच्या मुलांना 'तुम्ही या देशाचे खरे आहा काय?' असा टोमणा ऐकावा लागतो. त्यावर मोठ्याने घोषणा करून आपली निष्ठा सिद्ध करावी असा मोह होतो. पौलाची रीत याहून निराळी होती. प्रेषितांच्या कृत्यांचे एकविसावे व बाविसावे हे अध्याय एकत्र वाचावे. पलटणीच्या सरदाराशी तो ग्रीक भाषेत बोलला, जमावाशी इब्री भाषेत. आपण यहूदी आहो, तार्सकर आहो, आणि फटक्यांसाठी बांधू लागताच, आपण रोमन नागरिकही आहो असे त्याने सांगितले. एक नाते सांगताना त्याने दुसरे नाकारले नाही. आपलेही तसेच आहे. वऱ्हाडातील कापसाचा भाव १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील युद्धामुळे चढला व ते संपताच उतरला, म्हणजे दूरच्या परक्यांशी आपला संबंध आजचा नाही.

शिक्षकांस आमची सूचना अशी की, केरळातील ही हकीकत वर्गापुढे ठेवताना निकाल आधी सांगू नये. अर्ध्या मुलांनी मुख्याध्यापकांची बाजू मांडावी व अर्ध्यांनी त्या भावंडांची. मग बाजू बदलून पुन्हा बोलावे. निकाल वाचून दाखविल्यावरही जो विद्यार्थी तो चुकला असे म्हणेल, त्यास मध्येच थांबवू नये.