आधी पाहू या, मग बोलू या



गेल्या आठवड्यात रोजरीनंतर युवकांनी चर्चच्या आवारात दुर्बीण लावली. दिवे मालवले. काळोखाला डोळे सरावायला वीसेक मिनिटे गेली. मग आम्ही गुरू ग्रह पाहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना, एका रेषेत, चार बारीक ठिपके होते. ते त्याचे चंद्र! दुसऱ्या रात्री पाहिले, तर त्यांच्या जागा बदललेल्या. लहानथोर सर्वांनाच नवल वाटले.

हेच नवल गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये इटलीतील पादुआ येथे पाहिले. सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते, असे तेव्हा मानले जाई. हे चंद्र तर गुरूभोवती फिरत होते. १६११ साली रोममधील येशूसंघीय धर्मगुरूंनी स्वतः दुर्बिणीला डोळा लावला आणि ते खरे असल्याचे मान्य केले. पुढे मात्र, पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतावरून १६३३ साली आपल्याच ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने गॅलिलिओला दोषी ठरवले. १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी जाहीरपणे मान्य केले. साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली!

त्या न्यायाधीशांना आपण हसू नये. दोन घरांच्या भांडणात आम्हीही एकदा एकाच बाजूचे ऐकून मत बनवले होते. दुसऱ्या घराचा उंबरठा ओलांडला, तेव्हा आमची चूक कळली. क्षमा मागताना शब्द फुटत नव्हते. पण मागितल्यावर मन हलके झाले.

नाझरेथातून काही चांगले निघेल, असे नथनेलालाही वाटत नव्हते. फिलीपने वाद घातला नाही. स्वतः येऊन बघायला सांगितले. नथनेल उठून गेला आणि त्याला प्रभू भेटला. बसून राहिला असता तर?

या आठवड्यात एका रात्री टीव्ही बंद करून घरच्यांसह अंगणात किंवा गच्चीवर जाऊ या. थोडा वेळ काळोखात थांबू या. एकेक तारा दिसू लागेल. तो आधीही तिथेच होता. थांबलो नव्हतो ते आपण. मग ज्या माणसाविषयी न पाहता, न ऐकता निकाल दिला, त्याची आठवण करू या. पुढच्या रविवारी वेदीपाशी येण्याआधी त्याच्या दारी जाऊन येऊ या.

परमेश्वर आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपले प्रमुख धर्मगुरू