न पाहिलेल्या शेजाऱ्यासाठी

एखादा शेजारी आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असते का? प्रश्न पोकळ वाटेल. पण शास्त्रज्ञांना तो एकदा खरोखरच सोडवावा लागला.

शनि आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याची कडी पाहायला दुर्बीण लागते. अमेरिका आणि युरोपने मिळून १९९७ साली पाठवलेले कॅसिनी यान २००४ मध्ये शनीपाशी पोहोचले आणि तेरा वर्षे त्याच्याभोवती फिरत राहिले. ज्या कॅसिनीचे नाव यानाला दिले, त्याने सतराव्या शतकात शनीचे चार चंद्र शोधले होते. (बोलोन्या शहरातील सान पेत्रोनियो चर्चच्या फरशीवर सूर्याची चाल मोजण्याची रेषा १६५५ साली आखली तीही त्यानेच. चर्चची फरशी अशाही कामी येते!)

शनीचा एन्सेलाडस नावाचा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, वरून बर्फाने झाकलेला. २००५ मध्ये त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळताना आढळले. बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र आहे, हे पुढे स्पष्ट झाले. तिथे सूक्ष्म जीव असतील, नसतीलही. आजवर कोणाला दिसलेले नाहीत.

इकडे यानाचे इंधन संपत आले. इंधन संपले की यान वळवता येत नाही. भरकटत ते कधीतरी एन्सेलाडसवर आदळले असते, तर पृथ्वीवरून त्याला चिकटून गेलेले जंतू तिथल्या पाण्यात मिसळण्याचा धोका होता. म्हणून ते शनीच्याच वातावरणात लोटून नष्ट करायचे ठरले.

यात स्वार्थ नव्हता का? होता. उद्या तिथे जंतू सापडले तर ते आपलेच तर नव्हेत, ही शंका शास्त्रज्ञांना नको होती. शिवाय १९६७ च्या अंतराळ करारानेही असे दूषण टाळण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले आहे. पण आम्हाला वाटते, स्वार्थ आणि कायदा एवढ्याने हे पुरते उलगडत नाही. जे आपले नाही ते आपल्या हातून बिघडू नये, ही भीड त्यात आहे. मग गावच्या ओढ्यात कचऱ्याची पिशवी भिरकावताना ही भीड आपण कुठे ठेवून येतो? खालच्या अंगाला कोण राहते, हे तर आपल्याला चांगलेच ठाऊक असते.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी यान शनीत शिरले. अखेरच्या क्षणापर्यंत अँटेना पृथ्वीकडे धरून ते माहिती पाठवत होते. तो संदेश पृथ्वीवर पोहोचायला सुमारे ८३ मिनिटे लागली. माणसे पडद्याकडे डोळे लावून बसली होती, तेव्हा यान केव्हाच जळून गेले होते.