मोकळा रस्ता कोणाचा?

“रस्ता मोकळा होता, फादर.” गेल्या पावसाळ्यात एका तरुणाने आम्हांला हे उत्तर दिले. पहाटेच्या मिस्सेला पायी येणाऱ्या एका वृद्ध बाईंना त्याच्या मोटारसायकलची धडक बसली होती. बाई वाचल्या, खुब्याचे हाड मात्र मोडले. पोरगा वाईट नव्हे. त्यानेच त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेले. त्याच्या उत्तरात लबाडीही नव्हती. रस्ता खरोखरच मोकळा होता. म्हणजे त्यावर दुसरे वाहन नव्हते. पायी चालणारे माणूस त्याच्या हिशेबातच नव्हते.

आमच्या वसईतील गावांचे रस्ते मुळात बैलगाडीचे. वाडीच्या कुंपणाला खेटून, विहिरीला वळसा घालून जाणारे. त्यांवर डांबर पडले, पण वळणे तीच राहिली, आणि चालणाऱ्यासाठी वेगळी जागा कोणी ठेवली नाही. चांगल्या रस्त्याविषयी आमची तक्रार नाही. रुग्णाला वेळेवर दवाखान्यात पोहोचवणारा रस्ता हे पुण्यकर्मच. मात्र रस्त्याबरोबर जो वेग आला, त्याचा विचार आपण केला नाही.

थोडा हिशेब मांडू. पाच किलोमीटरचे अंतर ताशी साठच्या वेगाने कापले तर पाच मिनिटे लागतात, चाळीसच्या वेगाने साडेसात. वाचली ती अडीच मिनिटे. उलट साठच्या वेगात धोका ध्यानी येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे सतरा मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू सरकारी अहवालाने अतिवेगाच्या खाती मांडले आहेत.

अशा मृत्यूला आपण ‘देवाची इच्छा’ म्हणतो. दफनविधीच्या वेळी आम्हीही तसे बोललो आहोत, आणि आता त्याची लाज वाटते. अडीच मिनिटांचा लोभ देवाच्या माथी का मारावा? १९९७ साली स्वीडनच्या संसदेने एक धोरण स्वीकारले: माणूस चुकणारच, तेव्हा एका चुकीची किंमत प्राणाने मोजावी लागू नये, असे रस्ते बांधावेत. यामुळे चालकाची जबाबदारी कमी होते, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. तिच्यात रस्ता आखणारा अभियंता आणि ग्रामसभेत गप्प बसणारे आपणही सामील होतो, इतकेच.

आपण सामील होतो तेही कसे? अपघात झाला की रातोरात दगडमातीचा उंचवटा उभा करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असावा, त्याआधी सूचनाफलक असावा. आपला उंचवटा म्हणजे अंधारात दुचाकीस्वारासाठी रचलेला सापळाच. (आपल्या दारापुढे गतिरोधक मागणारा गृहस्थ शेजारच्या गावातील गतिरोधकाला शिव्या घालतो, हेही आम्ही ऐकले आहे.)

१९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने, परिच्छेद २२९० मध्ये, नशेमुळे किंवा वेगाच्या हौसेपायी इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला आहे. पाचव्या आज्ञेच्याच विवेचनात तो परिच्छेद येतो. तरीही प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आत्मपरीक्षणासाठी आम्ही मुलांना जी प्रश्नावली पाठ करायला दिली, तिच्यात खोटे बोलणे होते, शिव्या देणे होते, वेग नव्हता. त्या तरुणानेही तीच पाठ केली होती.

बाई आता काठी घेऊन येतात, पण पहिल्या मिस्सेला नाही. दुसऱ्या मिस्सेला येतात. तेव्हा उजाडलेले असते.