दुसऱ्याचे दुःख दाखवण्याचा अधिकार

काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या कामानिमित्त सातपुड्यातील एका पाड्यावर आमचे जाणे-येणे असे. तयार झालेला मजकूर गावकऱ्यांना वाचून दाखवायचा, त्यांना तो कसा उमगला हे विचारायचे आणि त्यांनी सांगितलेल्या चुका दुरुस्त करायच्या, असा आमचा क्रम होता. एके दिवशी पडक्या कुडाच्या घरापुढे बसलेल्या एका वृद्ध बाईंचे मी छायाचित्र घेतले. पुढे ते एका वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आले. पुढच्या फेरीत मी तो अहवाल मोठ्या हौसेने त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो बराच वेळ निरखला आणि आपल्या बोलीत विचारले, यात माझे नाव कोठे आहे? नाव कोठेच नव्हते. चित्राखाली 'एक गरजू आदिवासी स्त्री' एवढेच शब्द होते, आणि ते शब्द माझे होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. दुसऱ्याचे दुःख जगाला दाखवण्याचा अधिकार आपल्याला कोण देतो?

हा प्रश्न माझ्या एका छायाचित्रापुरता नाही. विस्थापितांवर आणि उपेक्षितांवर माहितीपट काढणाऱ्या प्रत्येकापुढे तो उभा असतो. आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' हा माहितीपट 1985 साली पूर्ण झाला. मुंबईतील झोपडपट्ट्या पाडल्या जाणे, बेघर झालेली माणसे आणि त्यांच्याविषयी सुखवस्तू नागरिक ज्या सहजतेने बोलतात ते बोल, हे सारे त्यात आहे. त्यातील एका प्रसंगी झोपडीवासी स्त्री थेट कॅमेऱ्यामागील माणसालाच जाब विचारते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमवाल, पण आमच्यासाठी काय कराल, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. दिग्दर्शकाला तो प्रसंग सहज कापता आला असता. त्याने तो चित्रपटातच ठेवला. माझ्या मते त्या चित्रपटाचे नैतिक बळ या एका निर्णयात आहे. ज्याचे चित्र घेतले जाते त्याला चित्र घेणाऱ्याचा न्याय करण्याची मुभा तेथे मिळाली.

त्याच वर्षी, 10 जुलै 1985 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात निर्णय दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. तरीही कायद्याच्या रीतीने झोपड्या हटवण्यास त्याने मनाई केली नाही. पावसाळा सरेपर्यंत मुदत दिली. म्हणजे दुःख पाहिले गेले, नोंदले गेले, मान्यही झाले; पण छप्पर वाचलेच असे नाही. चित्रपटाचेही असेच असते. मग तो काढायचाच कशाला?

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सिमंतिनी धुरू आणि पटवर्धन यांनी सरदार सरोवराच्या बुडितात येणाऱ्या आदिवासींचा लढा काही वर्षे चित्रित करून 1995 साली 'नर्मदा डायरी' सिद्ध केली. पुढे धरणाची उंची वाढत गेली आणि शेते, घरे, देवस्थाने पाण्याखाली गेली. पाण्याखाली गेलेल्या गावाविषयी उद्या कोणी म्हणू शकेल की, तेथे विशेष काही नव्हतेच. साक्षीदार नसला की अन्याय दोनदा घडतो : एकदा माणसाला उठवताना आणि दुसऱ्यांदा तो तेथे होता हे विसरताना. म्हणून कॅमेरा मिटून घेणे हा काही सोज्ज्वळपणा नव्हे. कित्येकदा ती केवळ आपली सोय असते.

अशा वेळी मला उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायातील हागार आठवते. परक्या देशातील दासी, गरोदर, रानात पळून आलेली. हा अध्याय बारकाईने वाचणाऱ्याच्या एक गोष्ट ध्यानात येते. साराय आणि अब्राम तिच्याविषयी बोलतात तेव्हा तिचा उल्लेख केवळ दासी म्हणून करतात; त्यांच्या तोंडी तिचे नाव एकदाही येत नाही. परमेश्वराचा दूत मात्र तिला नावाने हाक मारतो आणि ती कोठून आली व कोठे चालली आहे, हे विचारतो. विस्थापित माणसाला विचारण्याजोगे याहून नेमके प्रश्न कोणते? त्यानंतर हागार स्वतःच देवाला नाव देते : मला पाहणारा. जी पाहिली गेली, तिलाच पाहणाऱ्याचे वर्णन करण्याचा मान मिळाला. तिचे कष्ट मात्र त्या दिवशी संपले नाहीत. तिला परत जावे लागले, हेही शास्त्र लपवत नाही.

पाहण्याने दुःख संपतेच असे नाही. पण पाहण्याच्या रीतीने माणसाची प्रतिष्ठा राखली जाते किंवा हिरावली जाते. ती राखायची तर नाव विचारावे, संमती घ्यावी, माणसाला स्वतःच्या शब्दांत बोलू द्यावे आणि झालेले काम प्रथम त्यालाच दाखवावे. त्याने खोडून काढले तर ती खोड मान्य करावी. आमच्या कामात हा नियम मी कसोशीने पाळत आलो होतो. गावाने ऐकून होकार दिल्यावाचून एकही ओळ छापखान्यात जात नसे. पण तो नियम केवळ शब्दांना लागू आहे, अशी माझी समजूत होती. चित्रही भाषांतरच असते, हे मला उमगले नव्हते. त्या बाईंच्या आयुष्याचे मी एका शब्दात भाषांतर केले, 'गरजू', आणि ते त्यांना वाचून दाखवले नाही.

पुढल्या वर्षीच्या अहवालासाठी आम्ही चित्राखालील मजकूर बदलला. या वेळी छापण्यापूर्वी तो त्यांच्या अंगणात बसून वाचून दाखवला : त्यांचे नाव, पाड्याचे नाव आणि त्यांनी सांगितलेली दोन वाक्ये. ऐकून त्या म्हणाल्या, माझे नाव बरोबर आहे, पाड्याचे मात्र चुकले.

खरोखरच चुकले होते. आम्ही ते दुरुस्त केले.