जुलमाचा जाब आणि जल्लादाची घाई

जुलमी सत्ताधीश पदच्युत होऊन कायद्याच्या हाती सापडला, म्हणजे त्याला फासावर चढवावे की अखेरच्या श्वासापर्यंत बंदिवासात ठेवावे, हा प्रश्न जुना असला तरी प्रत्येक पिढीला तो नव्याने सोडवावा लागतो. आणि बहुधा तो अशा क्षणी उभा राहतो की, ज्या वेळी लोकांच्या जखमा ओल्या असतात, संताप अनावर असतो आणि शांतपणे विचार करू म्हणणारा मनुष्य जुलम्याचा वकील ठरतो. त्या संतापाला मी तुच्छ लेखत नाही. ज्याच्या घरचा माणूस रात्री उचलून नेला गेला आणि परत आला नाही, त्याने फाशीची मागणी केली तर त्याला क्षमेचे पाठ देण्याचा अधिकार सुरक्षित घरात बसलेल्या लेखकाला नाही. परंतु या दोन शिक्षांपैकी अधिक कठोर कोणती, असे विचारले तर त्याचे उत्तर जुलमाच्या स्वरूपावरूनच काढले पाहिजे. आणि ते शोधायला वर्ध्याच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही.

‘भारत छोडो’चा ठराव होऊन जेमतेम आठवडा उलटला असता, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, या जिल्ह्यातील आष्टी आणि शेजारच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर ही दोन्ही गावे एकाच दिवशी पेटून उठली. दोन्हीकडे गोळीबार झाला, गावकरी धारातीर्थी पडले आणि खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अंमलदारही मारले गेले. पुढे खटले चालले आणि कालपरवापर्यंत औत धरणाऱ्या अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी त्यांच्या प्राणांसाठी जिवाचे रान केले, गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्याकडे रदबदली केली, आणि अखेर १९४५ साली फाशीच्या कोठडीत उरलेल्या कैद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. ज्या राज्याने त्यांना मरण फर्मावले होते, ते राज्य दोन वर्षांत या देशातून गेले. कैदी मात्र जिवंत होते. फास आवळला गेला असता, तर स्वतंत्र भारताच्या हाती त्यांच्या स्मारकाला पुष्पहार घालण्यापलीकडे काय उरले असते? फाशी ही शिक्षा प्रथम हाती येते ती राज्यकर्त्याच्या, आणि तिचा पहिला प्रयोग होतो तो प्रजेवर, ही गोष्ट जुलम्यासाठी वधस्तंभ मागताना विसरून चालणार नाही.

याच प्रकरणाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. चिमूरला लष्कर आणि पोलीस शिरल्यावर तेथील स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांची वार्ता सेवाग्रामला पोहोचली, आणि आश्रमात सूत कातीत बसणारे प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी अस्वस्थ झाले. हा विलक्षण तपस्वी पुरुष होता. मौनव्रत मोडू नये म्हणून एके काळी त्यांनी आपले ओठ तारेने शिवून घेतले होते. अशा या मौनी माणसाने दुसऱ्याच्या अब्रूसाठी बोलायचे ठरविले. चिमूरच्या अत्याचारांची निःपक्षपाती चौकशी व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. ती नाकारली गेल्यावर त्यांनी अन्न वर्ज्य केले, आणि १२ जानेवारी १९४३ रोजी उपोषण सुटले तेव्हा ६३ दिवस लोटले होते. मधल्या काळात सरकारने त्या उपोषणाची बातमी छापण्यासही वृत्तपत्रांना मनाई केली. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, भणसाळींनी कोणाचे शिर मागितले नव्हते. त्यांनी जाब मागितला होता, आणि जगातील एका बलाढ्य साम्राज्याला तो एवढा जड गेला की अंगात त्राण नसलेल्या एका माणसाच्या उपवासाची ओळसुद्धा त्याला छापू देववेना. जुलमी सत्तेला सर्वांत जास्त भय कशाचे वाटते, याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही.

मराठी इतिहासही हेच सांगतो. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास याच्या अमलाखाली चौदा वर्षे शहर भरडले गेले, आणि १७९१ मध्ये कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर प्रक्षुब्ध लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. एका दिवसात सूड पुरा झाला. पण या इसमास कोतवाली दिली कोणी, त्याच्याविरुद्धच्या फिर्यादी इतकी वर्षे दरबारात कोठे अडल्या, त्याच्या वसुलीत वाटेकरी कोण होते, या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारा मुख्य साक्षीदारच त्या दगडांखाली गाडला गेला, आणि नाना फडणविसांच्या कारभाराला त्याबद्दल कोणी जाब विचारला नाही. याच्या उलट टोकाला राघोबादादांचे उदाहरण आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्तावाचून शासन नाही, असे रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना तोंडावर सांगितले. परंतु तो निवाडा अमलात आला नाही, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर दादासाहेब तनखा घेऊन कोपरगावी निवृत्त झाले. घाशीरामाच्या बाबतीत शासन झाले पण चौकशी झाली नाही. राघोबांच्या बाबतीत चौकशी झाली पण शासन झाले नाही. न्याय दोन्हीकडे अर्धाच राहिला.

आधुनिक काळातही फाशीची घाई बहुधा जुलम्याच्या साथीदारांच्याच पथ्यावर पडली आहे. रुमानियाच्या चाउशेस्कूला १९८९ च्या नाताळच्या दिवशी तासाभराच्या खटल्यानंतर गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या राजवटीची जी कुलंगडी फक्त त्यालाच माहीत होती, ती त्याच्याबरोबरच गेली. इराकच्या सद्दाम हुसेनला दुजैल गावातील १४८ माणसांच्या हत्येबद्दल ३० डिसेंबर २००६ रोजी फाशी दिली गेली. त्या वेळी हजारो कुर्दांच्या संहाराचा अनफालचा खटला चालू होता, आणि आरोपीच मृत झाल्याने त्याच्यापुरता तो निकाली निघाला. दुजैलचा सूड घेताना कुर्दांचा न्याय बुडाला. न्यूरेंबर्गला तर नाझी नेता गोअरिंगने फाशीच्या काही तास आधी विष घेऊन शासनाची वेळही स्वतःच ठरविली. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे मरण ठरविले, त्याला मरणाचे ते भय कितीसे? मृत्यू हे त्याचे नेहमीचे चलन होते.

आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे, की जिवंत जुलमी हा निखारा असतो. नेपोलियन १८१५ मध्ये एल्बाहून परतला आणि वॉटर्लूपर्यंत पुन्हा रक्ताचे पाट वाहिले. जन्मठेप आज सुनावली जाते आणि उद्याच्या सत्तांतरात माफीने धुऊन जाते. हे खरे आहे. पण एल्बावर नेपोलियन कैदी नव्हता, त्या बेटाचा तो राजाच होता. जन्मठेप म्हणजे नावापुरती नजरकैद असेल, तर ती शिक्षा नव्हे. याबाबत आपला कायदा निःसंदिग्ध आहे, आणि तो सांगितला गेला तोही गांधीहत्येच्या प्रकरणातील एका कैद्याच्या अर्जावर: गोपाळ गोडसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये स्पष्ट केले की, जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य; सरकारने रीतसर सूट दिल्याखेरीज वीस वर्षांनी ती आपोआप संपत नाही. त्याच कैद्याला पुढे १९६४ मध्ये मुदतीपूर्वी सोडण्यात आले, हेही नमूद केले पाहिजे. म्हणून ज्याने संपूर्ण प्रजेवर जुलूम केला, त्याच्यापुरते हे सुटीचे दार कायद्यानेच बंद असले पाहिजे.

अशी खरी जन्मठेप काय करते, हे आफ्रिकेतील चाड देशाच्या हिसेन हाब्रेने दाखविले. त्याच्या आठ वर्षांच्या राजवटीतील बळींनी पाव शतक चिवटपणे पाठपुरावा केल्यावर सेनेगलमधील डकार येथे २०१५ मध्ये खटला उभा राहिला. मी या न्यायालयाला मानत नाही, असे म्हणून तो येईना, तेव्हा शिपायांनी त्याला उचलून आणून खुर्चीत बसविले. डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंडावर फेट्याचा पदर ओढून तो गप्प बसून राहिला, आणि समोर एकेक साक्षीदार येऊन आपल्यावर काय गुजरले ते त्याच्या देखत सांगत गेला. ३० मे २०१६ रोजी त्याला जन्मठेप झाली आणि कैदी म्हणूनच तो २०२१ मध्ये मरण पावला. हुकूमशहाचा प्राण ‘मला कोण विचारणार’ या गुर्मीत असतो. ती गुर्मी उतरल्यावर सामान्य कैद्याप्रमाणे कोणाच्या तरी परवानगीने उठणे, जेवणे, झोपणे, आणि आपल्या मागे राज्य सुरळीत चालू आहे हे उघड्या डोळ्यांनी पाहणे, याहून जाचक शासन त्याच्यापुरते दुसरे नाही. बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच म्हटले होते की, क्षणात संपणाऱ्या मृत्यूपेक्षा जन्मभराचे दास्य मनावर अधिक खोल दहशत बसविते.

परंतु ही शिक्षा अधिक जाचक आहे एवढ्याच कारणासाठी मी तिचा पुरस्कार केला, तर तो सूडच ठरेल, आणि सेवाग्रामच्या परिसरात बसून तसे लिहिणे मला शोभणार नाही. देहान्त शासन अहिंसेशी विसंगत आहे, असे गांधीजींचे मत होते, आणि त्याची सर्वांत कठीण परीक्षा त्यांच्या स्वतःच्या हत्येने घेतली. मणिलाल आणि रामदास या त्यांच्या पुत्रांनी मारेकऱ्यांचे प्राण वाचवावेत अशी विनंती केली. सरकारने ती मानली नाही, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली. ज्यांचा पिता गेला त्यांनी मागितलेले जीवदान राज्याने नाकारावे, यात राज्य बळकट झाले की केवळ कठोर झाले? नथुराम हा सत्ताधीश नव्हता. पण फाशीने त्याच्या शब्दांना हौतात्म्याचे जे तेज चढविले, ते आजही उतरलेले नाही, आणि म्हातारपणापर्यंत त्याला आपल्या कृत्याच्या परिणामांसमोर उभे ठेवण्याची संधी कायमची गेली.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. उघड न्यायालयात, बळींच्या साक्षीने, दप्तरातला कागद न् कागद बाहेर काढून चालविलेला खटला, आणि त्यानंतर माफीची वाट बंद असलेली जन्मठेप, ही जुलम्याला फाशीहून कठोर आणि समाजाला फाशीहून हितकर शिक्षा आहे. कठोर अशासाठी की तिच्यात त्याला पळवाट नाही. हितकर अशासाठी की तिच्यात जल्लादाला कामावर ठेवावे लागत नाही, आणि जल्लाद कामावर असला की उद्याच्या राज्यकर्त्याला आष्टी-चिमूरच्या शेतकऱ्यासाठी तो आयताच मिळतो. ज्या प्रजेला जुलूम पुन्हा नको असेल, तिने दोराचा हट्ट सोडून चौकशीचा हट्ट धरला पाहिजे, आणि भणसाळींनी धरला तसा, पोटाला चिमटा बसला तरी तो सोडता कामा नये.