माताही निर्वासित झाली



श्रीलंकेतील यादवी युद्ध १९८३ ते २००९ चालले. मन्नार जिल्ह्यातील मडूच्या मरियामातेकडे तमिळ जातात, सिंहलीही जातात. युद्धात हजारोंनी तिथेच आसरा घेतला. नोव्हेंबर १९९९ मध्ये तोफगोळे त्या आवारातच पडले. सुमारे ४० आश्रित ठार झाले, त्यांत लेकरेही होती. गोळे कोणाचे, यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. मेलेल्यांना त्याचे काय? २००८ साली लढाई जवळ आली तेव्हा धर्मगुरूंनी मातेची मूर्तीच हलवली. २०१५ साली पोप फ्रान्सिस तिथे गेले, तेव्हा दोन्ही समाजांतील होरपळलेली कुटुंबे आली होती.

मिस्सात शेजाऱ्याला शांतीचे चिन्ह देणे आपल्याला सोपे जाते. त्याने आपले लेकरू मारलेले नसते. आज तो हात पुढे करताना आपण मडूच्या आयांना आठवू या.