‘सिस्टीमने केलं’

अकबर पदमसी म्हटलं की त्यांचे ‘मेटास्केप’मधले पेटलेले रंग आठवतात. पण १९७० मध्ये, नेहरू फेलोशिपच्या पैशातून, त्यांनी मुंबईत ‘सिझिजी’ नावाची ११ मिनिटांची फिल्म केली. रंग नाही, आवाज नाही, गोष्ट नाही. नुसत्या रेघा आणि त्यांतून घडत-मोडत जाणारे आकार. आधी आकड्यांचे नियम ठरवायचे, मग नियम सांगेल तशी रेघ ओढायची. अशी सुमारे हजार चित्रं. ॲनिमेशन राम मोहन यांचं.

म्हणजे प्रोग्राम होता, फक्त कॉम्प्युटर नव्हता.

तिकडे पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार १९५९ पासून हेच करत होत्या. नियम लिहायचे आणि स्वतःच्या हाताने पाळायचे. त्याला त्या ‘काल्पनिक यंत्र’ म्हणत. खरं यंत्र त्यांना १९६८ मध्ये मिळालं.

मी हिंजवडीत बसून नियमच लिहितो. दोन वर्षांपूर्वी भरतीच्या सॉफ्टवेअरसाठी एक लिहिला होता : शिक्षणात वर्षाहून मोठा खंड दिसला, तर अर्ज खाली ढकल. चार ओळींचा कोड. सगळ्या टेस्ट पास.

मग हॉस्टेलच्या एका मित्राने विचारलं, “तुमच्याकडे अर्ज बघतं कोण रे?” वडिलांच्या आजारपणात त्याची दोन वर्षं गेली होती. मी म्हणालो, “सिस्टीम बघते.”

खोटं नव्हतं ते. पण वाक्यातून मी गायब होतो.

आधी वाटलं, दोष यंत्राचा. हाताने काम केलं असतं तर त्याचा अर्ज नजरेस पडला असता. पण सरकारी खिडकीमागचा कारकूनही हातानेच शिक्का मारतो आणि “नियम आहे” म्हणून मोकळा होतो. उलट मोल्नारबाई यंत्राकडून ढीगभर चित्रं काढून घ्यायच्या आणि त्यांतलं कुठलं ठेवायचं, ते स्वतः बघून ठरवायच्या. म्हणजे प्रश्न हाताचा किंवा यंत्राचा नाही, बघण्याचा आहे. नियम माझा असेल, तर त्यातून निघालेली हजारावी रेघही माझीच. ती मी पाहिली नाही, ही सबब होत नाही.

त्या शुक्रवारी उशिरापर्यंत थांबलो. माझ्या नियमाने खाली ढकललेले पन्नास अर्ज उघडले आणि पहिल्यापासून वाचायला लागलो. सातवा त्याचा होता.